फॅट मशीनच्या मॅन्युअलात नसलेलं पान

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेला हातानं लिहिलेल्या पावत्या बंद करून संगणकाच्या पावत्या हव्या होत्या. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घेऊन येतो, कॅन काट्यावर चढतो, नमुना फॅट मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) येतं, दरपत्रकावरून दर निघतो, पावती हातात पडते. आधी हे सगळं वहीत चालायचं. दर दहा दिवसांनी बिलं काढायची वेळ आली की सचिव अण्णा रात्रभर कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. मी बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी स्टॉक आणि बिलिंगचे प्रोग्राम लिहितो. दुधाचं काम पहिलंच.

यात कोड फारसा नव्हता. वेळ खाल्ला तो यंत्रांनी, लायब्रऱ्यांनी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडनं) आणि त्यांच्यासोबत आलेल्या कागदपत्रांनी. म्हणून हे लिखाण कोडबद्दल कमी आणि त्या कागदपत्रांबद्दल जास्त आहे.

सुरुवात फॅट मशीनपासून. त्याचं मॅन्युअल गुळगुळीत कागदावर, रंगीत. मशीन कसं धुवायचं, कुठलं द्रावण वापरायचं, काय केल्यास वॉरंटी जाते, सगळं सविस्तर. मागच्या बाजूचा फोटो, त्यात एका पोर्टकडे बाण आणि ‘आरएस-२३२’ अशी अक्षरं. मग एकच ओळ: संगणकाला जोडता येते, बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) ९६००. संपलं. त्या पोर्टमधून नेमकं काय बाहेर पडतं, आपोआप पडतं की मागावं लागतं, दशांश चिन्ह असतं की नसतं, ओळ कशानं संपते, याबद्दल एक अक्षर नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “आमचंच सॉफ्टवेअर घ्या की सर, त्यात सगळं हाय.” त्याचं सॉफ्टवेअर कन्नड छापत नव्हतं आणि संस्थेला पावती दोन्ही लिप्यांत हवी होती. गावातल्या काही घरांत मराठी वाचतात, पण शाळा कन्नडमधून झालेली नवी पोरं हिशेब बघतात ती कन्नडमध्येच. सीमाभागात हा रोजचाच व्यवहार आहे, त्यात राजकारण काही नाही.

मग यंत्रालाच विचारायचं ठरवलं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत अशा सीरियल पोर्टसाठी पायसीरियल नावाची लायब्ररी आहे, आणि तिच्याबरोबर मिनिटर्म नावाचं छोटं हत्यार येतं. त्याला पोर्ट आणि वेग सांगितला की पलीकडून जे येतं ते लगेच पडद्यावर दिसतं. ना खिडकी, ना बटणं. मला विचाराल तर प्रोग्रामरला लागणारं पहिलं हत्यार असंच असावं: मधे न पडणारं, जे आलं ते दाखवणारं.

पडद्यावर आली ती आकड्यांची एक सलग पट्टी. मशीनच्या डिस्प्लेवर फॅट ४.१ आणि एसएनएफ ८.४ दिसत होतं, पट्टीत मात्र टिंब कुठंच नाही, सगळे आकडे एकमेकांना चिकटलेले. कुठले आकडे कशाचे ते ओळखायचं तर वेगवेगळं दूध पाहिजे. अण्णांनी घरच्या म्हशीचं आणलं. “आमच्या म्हशीचं दूध हाय इंजिनेर, फॅट सातच्या खाली यायचं न्हाई,” म्हणाले, आणि खरंच नाही आलं. पट्टीतले सुरुवातीचे आकडे उसळले, म्हणजे फॅट तिथं. मग गाईचं. मग मी म्हणालो, आता यात थोडं पाणी घाला. सचिवानं सगळ्यांदेखत दुधात पाणी घालायचं म्हटल्यावर रांगेतली माणसं जी हसली ती हसलीच. पण त्या नमुन्यानं शेवटचे आकडे शून्यावरून उठले आणि पाण्याचं प्रमाण कुठं येतं ते कळलं.

एसएनएफचा मात्र वेगळाच घोळ निघाला. संस्थेत आधी लॅक्टोमीटरनं सीएलआर (तापमानाप्रमाणे दुरुस्त केलेला लॅक्टोमीटरचा आकडा) काढून सूत्रानं एसएनएफ काढायचे. ते सूत्र असं: सीएलआर भागिले चार, अधिक फॅटचा एक हिस्सा, अधिक एक ठराविक आकडा. हा हिस्सा आणि हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. कुठं फॅटला ०.२५ नं गुणून ०.४४ मिळवतात, कुठं ०.२१ नं गुणून ०.३६. सीएलआर २८ आणि फॅट ४ धरलं तर पहिल्या रीतीनं एसएनएफ ८.४४ येतं, दुसऱ्या रीतीनं ८.२०. दूध तेच. दरपत्रकात एसएनएफच्या प्रत्येक ०.१ ला दर बदलतो, म्हणजे हा फरक थेट उत्पादकाच्या खिशातला. मशीन सीएलआरही दाखवतं. तो आणि एसएनएफ यांचा मेळ आतल्या कुठल्या स्थिरांकांनी घातलाय हे मॅन्युअलात असायलाच हवं होतं. नाही. धुण्याच्या द्रावणावर पानभर मजकूर आणि पैसे ज्यावर ठरतात त्या सूत्रावर शून्य. वेगवेगळ्या दुधांचे आकडे कागदावर मांडून मी ते उलट्या बाजूनं शोधून काढलं. संस्था वापरत होती त्यापेक्षा ते वेगळं होतं, आणि कुठलं धरायचं हा निर्णय शेवटी संचालकांच्या बैठकीत झाला. प्रोग्रामरनं तो परस्पर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

काट्याचं काम त्यामानानं लवकर उरकलं. काटा सतत बोलत राहतो, सेकंदाला अनेकदा वजन पाठवतो. त्यात एक अक्षर वजन स्थिर झालं की बदलतं. हेही कुठं लिहिलेलं नव्हतं. कॅन ठेव, हलव, थांब, असं करताना पडद्यावर दिसलं. ते अक्षर न बघता वजन उचललं असतं तर हिंदकळणाऱ्या कॅनचं वजन पावतीवर गेलं असतं.

इथं एक चांगलं उदाहरणही सांगतो, नाहीतर सगळा लेख कुरकुरीचाच व्हायचा. पायसीरियलच्या कागदपत्रांत टाइमआउट या गोष्टीखाली सरळ लिहिलंय: काहीच दिलं नाही तर कायम वाट बघेल, शून्य दिलं तर लगेच परत येईल, आकडा दिला तर तेवढे सेकंद थांबेल. तीन ओळी. पण आपण काहीच सांगितलं नाही तर हत्यार काय करेल, हे त्यात पहिलंच वाक्य आहे. फॅट मशीन बंद असताना प्रोग्राम गोठून बसला तर कारण कुठं शोधायचं हे त्या एका वाक्यानं आधीच सांगून ठेवलं.

आता छपाई. पावतीचा प्रिंटर साधा, ५८ मिलिमीटर कागदाचा, किराणा दुकानात असतो तसला. त्याच्या आज्ञांचं पुस्तक मात्र वाचत बसावं असं निघालं. हे प्रिंटर एप्सननं रूढ केलेली ईएससी-पीओएस ही आज्ञांची भाषा बोलतात, आणि तिच्या संदर्भ-पुस्तकांची एक जुनी शिस्त आहे: आज्ञेचं नाव, तिचे बाइट तीन पद्धतींनी, चालणाऱ्या किमतींची मर्यादा, न सांगता धरलेली किंमत, आणि खाली टिपा. गोष्टी सांगत नाही, पाठ थोपटत नाही. हवी ती आज्ञा अर्ध्या मिनिटात सापडते. अडचण एवढीच की या प्रिंटरच्या आतल्या अक्षरसंचांत ना देवनागरी होती ना कन्नड. म्हणजे पावती अक्षरं म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवायची. छापता येणारी रुंदी ३८४ ठिपके, एका ठिपक्याला एक बिट, म्हणून एका ओळीला ४८ बाइट. हे सगळं पुस्तकात होतं, त्यामुळे तो भाग पहिल्या बैठकीत चालला.

चित्रात अक्षरं काढायला पायथनची एक प्रसिद्ध लायब्ररी घेतली. माझ्या घरच्या उबंटूवर ‘शिंदे’, ‘कुऱ्हाडे’, ‘ज्योतिबा’ सुंदर उमटले. संस्थेतल्या विंडोजवर तोच कोड, तोच फॉन्ट, आणि पावतीवर ‘श’ आधी, वेलांटी नंतर, जोडाक्षरांचे पाय मोडलेले, प्रत्येक अर्ध्या अक्षराखाली हलन्त. अण्णा पावती नाकाजवळ नेऊन म्हणाले, “ह्ये कुणाचं नाव की?”

कारण असं. देवनागरी किंवा कन्नड लिहायची तर नुसती फॉन्टमधली चित्रं ओळीनं मांडून भागत नाही. वेलांटी मागं आणायची, र चा रफार करायचा, जोडाक्षर घडवायचं, हे काम हार्फबझसारखं एक इंजिन करतं. ती लायब्ररी हे इंजिन मिळालं तर वापरते, न मिळालं तर साध्या मांडणीवर उतरते. विंडोजवर त्याला लागणारी एक डीएलएल फाइल वेगळी आणून ठेवावी लागते. ही गोष्ट कागदपत्रांत होती, पण इन्स्टॉल करण्याच्या पानावर, खालच्या बाजूला. अक्षर काढायचं फंक्शन जिथं समजावलंय तिथं आलेल्या माणसाला ती सहज दिसेल अशी नव्हती. तेही एक वेळ चालेल. मला खुपलं ते दुसरंच: साध्या मांडणीवर उतरताना लायब्ररी काही बोलली नाही. एरर नाही, इशारा नाही. रोमन लिपीवाल्याला फरकच पडत नाही म्हणून ती गप्प बसते, आणि तिच्या त्या गप्प बसण्याची किंमत मोजतो तो आमच्यासारखा. मी आता प्रोग्राम सुरू होतानाच ते इंजिन आहे का हे लायब्ररीला विचारतो आणि नसेल तर प्रोग्राम चालूच देत नाही. पडद्यावर कोणती फाइल कुठं ठेवायची ते मराठीत येतं.

लिप्यांच्या बाबतीत एका कागदपत्राला मात्र हात जोडावेसे वाटले, ते म्हणजे युनिकोडचं, जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक. भारतीय लिप्यांवरच्या प्रकरणात नियम क्रमांकानं दिलेत, प्रत्येकाला उदाहरण आहे, आणि ‘कुऱ्हाडे’मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र कसा लिहायचा, त्याच्या दोन रीती कोणत्या, हेही तिथं आहे. आपल्या आडनावांची चौकशी करणारं मानक भेटलं की बरं वाटतं. युनिकोडनं भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय आराखड्यावरून घेतली, म्हणून देवनागरी आणि कन्नड दोन्हींना १२८ जागांचे पट्टे मिळाले आणि त्यांत अक्षरं समोरासमोर बसली. देवनागरी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. ख घ्या, ळ घ्या, फरक तोच. मराठीत लिहिलेल्या नावाच्या प्रत्येक अक्षरात ८९६ मिळवले की कन्नड नाव तयार. सभासदांची अख्खी यादी अशी फिरवली आणि बहुतेक नावं बरोबर आली.

अडली ती ‘जॉन’ आणि ‘लॉरेन्स’पाशी. खानापूर भागात ख्रिस्ती घरं आहेत आणि त्यांच्याही गाई आहेत. ‘ऑ’च्या मात्रेसमोर कन्नड पट्ट्यात रिकामी जागा आहे, तिथं पावतीवर चौकोन छापला गेला. अशा नावांची कन्नड रूपं ऑपरेटर मुलीनं हातानं भरली. ती बीसीए झालेली, घरी मराठी आणि शाळा कन्नड, त्यामुळे माझ्या यादीतल्या इतरही बऱ्याच चुका तिनं पकडल्या.

विजेबद्दल बोलायचं तर पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या पट्ट्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. माहिती ठेवायला एसक्यूलाइट घेतलं होतं, रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं. त्याच्या कागदपत्रांत एक पान आहे, ज्याचा विषयच आहे: एसक्यूलाइटची फाइल कशी बिघडवता येते. चालू व्यवहारात, म्हणजे नोंद लिहिली जात असताना, फाइलची नक्कल घेतली, अर्धवट व्यवहाराची जर्नल फाइल पुसली, डिस्कनं लिहिलं म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात लिहिलं नाही, अशी सगळी कारणं लिहिणाऱ्यानं स्वतःहून मांडलीत. आपलं हत्यार कुठं हरतं याचं पान ज्यानं लिहिलं त्याच्यावर माझा विश्वास लगेच बसतो. अण्णा रोज संध्याकाळी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करायचे, तेही संकलन चालू असताना. ते पान वाचल्यावर त्याच दिवशी बंद केलं आणि एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय वापरली.

तिथंच दुसऱ्या एका पानावर आकड्यांच्या रकान्यात मजकूरही बसू शकतो हे लिहिलंय. हे आमच्याकडे महत्त्वाचं, कारण मराठी कळफलक चालू राहिला की हातानं टाकलेलं फॅट ‘३.५’ असं देवनागरीत येतं. पायथनला देवनागरी आकडे कळतात, तो त्याचा बरोबर साडेतीन करतो. पण तो मजकूर तसाच डेटाबेसमध्ये गेला तर एसक्यूलाइटच्या तुलनेत मजकूर हा कुठल्याही संख्येपेक्षा मोठा ठरतो, म्हणजे पातळ दुधाला सगळ्यात वरचा दर.

संस्थेचा संगणक जुना, विंडोज ७ चा. त्यावर पायथन ३.८ पर्यंतच चालतं. पायथनच्या कागदपत्रांत प्रत्येक फंक्शनखाली ते कुठल्या आवृत्तीत आलं, कधी बदललं, हे लिहिलेलं असतं आणि वर आवृत्ती निवडायची सोय असते. नवीन संगणकावर बसणाऱ्याला ती बारीक अक्षरं दिसतही नसतील. मला पाहिजे असलेलं एक फंक्शन ३.९ मध्ये आलंय हे तिथंच कळलं आणि पर्याय लिहिला. शिवाय हे सगळं उतरवून घेता येतं. गावात रेंज येते ती शाळेमागच्या टेकाडावर, तीही पाऊस नसताना. म्हणून बेळगावातून निघतानाच पायथन आणि एसक्यूलाइट दोघांचीही पानं लॅपटॉपवर घेऊन जायचो. ज्या लायब्ररीची कागदपत्रं फक्त चालू नेटवरच दिसतात ती लायब्ररी अशा कामाला घेऊ नये, असं आता मी पोरांना सांगतो.

एआयलाही विचारून झालं. फॅट मशीनचं मॉडेल सांगितलं तर त्यानं बाइटांचं फार नीटनेटकं कोष्टक दिलं. वाचायला छान, फक्त ते आमच्या मशीनचं नव्हतं. मिनिटर्ममधून उतरवलेली खरी पट्टी त्याच्यापुढं टाकली तेव्हा मात्र तीच पट्टी फोडणारा कोड त्यानं झटक्यात लिहून दिला. कच्चा माल खरा पाहिजे, एवढंच.

काम संपत आल्यावर संस्थेसाठी कागद लिहायची पाळी माझी होती. डॅनिएले प्रोचिदा यांनी तांत्रिक कागदपत्रांचे चार प्रकार पाडलेत: शिकवणारी, एखादं काम उरकून देणारी, संदर्भाला बघायची, आणि समजावून सांगणारी. विभागणी उपयोगी आहे, मीही तसे कागद वेगळे केले. पण दूध संस्थेत सकाळी सहाला कोणी शिकायला बसत नाही. बाहेर रांग उभी असते. म्हणून पहिल्या पानावर मी फक्त बिघाड लिहिले, आणि तेही कारणावरून न लावता डोळ्यांना काय दिसतं त्यावरून. ‘पावतीवर नाव तुटकं’. ‘वजन शून्यावरच’. ‘फॅट येत नाही, पण मशीनवर दिसतंय’. प्रत्येकाखाली आधी काय बघायचं, मग काय करायचं. विंडोजमध्ये यूएसबीची जागा बदलली की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून केबल आणि तिच्या भोकावर सारख्याच रंगाचा टेप लावला; हा उपाय पानापेक्षा जास्त चालला हे मान्य करायला हवं. पान मराठीत होतं, त्याची कन्नड प्रत ऑपरेटर मुलीनं केली. तिनं माझी वाक्यं निम्म्यानं कमी केली. पुढच्या वेळी मराठी प्रतही तिच्याकडूनच करून घेतली.

सगळ्यात शेवटी फॅट मशीनच्या पोर्टमधून येणाऱ्या पट्टीचं पान केलं. कुठल्या जागेवर काय, टिंब कुठं धरायचं, ओळ कशानं संपते, मशीन काही न पाठवता किती वेळ गप्प राहू शकतं, एसएनएफचे स्थिरांक कोणते निघाले, आणि खऱ्या दुधाच्या काही पट्ट्या त्यांच्या डिस्प्लेवरच्या आकड्यांसकट. वर मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, जी सुरू होताना डिस्प्लेवर क्षणभर दिसते.

मध्यंतरी त्या विक्रेत्याचाच फोन आला. चंदगडकडच्या एका संस्थेला हेच मशीन दिलं होतं आणि तिथल्या प्रोग्रामरला पट्टीची माहिती पाहिजे होती. “सर, तुमच्याकडं ते पान हाय म्हणं, पाठवा की.” पाठवलं. खाली एवढंच लिहिलं की मशीनची आवृत्ती वेगळी असेल तर आधी म्हशीचं, मग गाईचं आणि मग पाणी घातलेलं दूध लावून बघा, आणि जे येईल ते मलाही पाठवा.